मारियाची घरातली नावे

माझगाव आणि भायखळा या शेजारशेजारच्या वस्त्यांत ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना एकाच नावाच्या इतक्या बायका भेटलेल्या असतात की ते एकच नाव आहे, हे सहसा लक्षातही येत नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर वसईकडच्या मेरीबाय राहत असत. दुसऱ्या मजल्यावरच्या कोकणी मुसलमान कुटुंबातली मरियम माझ्याच वर्गात होती. समोरच्या इमारतीतल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजींचे नाव मिरियम होते आणि त्या माझ्या आजीशी आम्हां मुलांपेक्षा कितीतरी चोख मराठीत बोलत. शाळेत शिवण शिकवणाऱ्या गोव्याच्या बाई मारिया होत्या. शिवाय वर्गात एक ग्लोरिया, एक स्टेला आणि एक डोलोरेसही होती. त्यांचाही या घराण्याशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

यांपैकी एकीलाही तिच्या घरी तिच्या पूर्ण नावाने कोणी हाक मारत नसे. मेरीबायचे भाऊ वसईहून केळी घेऊन येत, तेव्हा जिन्यातूनच ‘मेरू’ म्हणून ओरडत. मरियमची आजी तिला ‘मरू’ म्हणे. मिरियमआजींना इस्रायलला गेलेल्या भाचीची पत्रे येत, त्यांवर ‘मिरीआत्यास’ असे लिहिलेले असे, आणि काळी मिरी आठवून आम्हां पोरांना उगाच हसू फुटे. नावांच्या इतिहासाचा नाद लागल्यावर मी या एका नावाची देशोदेशीची रूपे गोळा करू लागले, तेव्हा एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसू लागली. नाव जितके थोर, तितकी घराला त्याची लहान रूपे अधिक लागतात. ही लहान रूपे घडतात ती भाषेच्या नियमांनीच, पण कोणते रूप कोणाच्या तोंडी शोभते, हे मात्र नात्यावरच ठरते.

मूळ नाव हिब्रू, मिर्याम. नाईलच्या काठी लव्हाळ्यांत ठेवलेल्या तान्ह्या मोशेवर नजर ठेवून उभी राहिलेली त्याची थोरली बहीण ती हीच. समुद्र ओलांडल्यावर हातात डफ घेऊन बायकांच्या पुढे गाणारीही हीच. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून होऊ लागले, त्यात मिर्यामची मरियम झाली. येशूच्या आईचे नाव ग्रीक नव्या करारात कधी मरियम, तर कधी मारिया असे येते. लॅटिनमध्ये मारिया हेच रूप रुजले, आणि तेथे एक योगायोग घडला. रोममध्ये मारियस नावाचे एक कूळ आधीपासूनच होते आणि त्या कुळातल्या मुलींना मारियाच म्हणत असत. परके नाव रोमन कानांना पहिल्या दिवसापासून घरचे वाटले, यात नवल नाही. मराठी बायबलने हा प्रवास दोन टोकांना धरून ठेवला आहे. जुन्या करारातली ती मिर्याम आणि नव्या करारातली ती मरीया, म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन भागांत एकच नाव दोन रूपांनी उभे आहे.

नावाच्या अर्थाबद्दल विद्वानांत आजही एकमत नाही. कोणी ते ‘कडू’ या अर्थाच्या धातूपासून काढतात, कोणी ‘प्रिय’ या अर्थाच्या प्राचीन इजिप्शियन शब्दापासून. मला त्याहून अधिक गंमत वाटते ती एका नकलनविशी चुकीची. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम यांनी या नावाचा अर्थ ‘समुद्राचा थेंब’ असा केला होता, असे मानले जाते. लॅटिनमध्ये ‘थेंब’ आणि ‘तारा’ या शब्दांत एकाच स्वराचा फरक असल्यामुळे नकला करणाऱ्यांच्या हातून थेंबाचा तारा झाला, आणि मारिया ‘समुद्राचा तारा’ म्हणून दर्यावर्दी लोकांची आश्रयदाती ठरली. आमच्या वर्गातल्या स्टेलाचे नाव त्या ताऱ्याचे.

अरबीने हे नाव मरियम असेच ठेवले. कुराणातला एकोणिसावा अध्याय तिच्याच नावाचा आहे, आणि साऱ्या कुराणात स्वतःच्या नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. तुर्की भाषेत ती मेरयेम होते. इराणमध्ये मरियम हे मुलीचे तर नाव आहेच, पण ते एका फुलाचेही नाव आहे. दादरच्या फुलबाजारात पहाटे ओल्या गोणपाटावर ज्याच्या पांढऱ्या राशी पडलेल्या असतात, आणि ज्याला आपण निशिगंध किंवा गुलछडी म्हणतो, त्यालाच इराणी लोक ‘मरियमचे फूल’ म्हणतात. हे झाड मूळचे मेक्सिकोचे, त्यामुळे दोन्हीकडची ही नावे तुलनेने अलीकडचीच म्हणायला हवीत. गणितातले फील्ड्स पदक 2014 मध्ये पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाले, तीही इराणची मरियम मिर्झाखानीच.

मराठीच्या कानाला मात्र हे नाव थोडे अडचणीचे आहे. ‘मरी’ म्हटले की आपल्याला पटकी आठवते. गावाच्या वेशीवरची मरीआई, तिचा गाडा आणि अंगावर कोरडे ओढून घेणारा पोतराज आठवतो. मरीआईचा आणि मारियाचा काडीचा संबंध नाही, नुसता ध्वनीचा योग आहे. तरीही ज्या घरात मूल जगण्यासाठी नवस बोलले जात, त्या घरात लेकीला ‘मरी’ अशी हाक घालायला आईची जीभ कचरणारच. शेजारच्या हिंदू बायका मेरीबायचे नाव नेहमी ‘मे’वर जोर देऊन उच्चारत, त्याचे कारण माझ्या मते हेच असावे. आणि ‘मे’वर जोर दिला की मुंबईच्या हिंदीत दुसरी पंचाईत होते. आमचा दूधवाला ‘मेरी का बिल’ मागायला आला की कोणीतरी हटकून ‘तेरी का नहीं, उनकी का’ असे म्हणायचेच.

पण याच मराठीने मारियाला एक नाव असेही दिले आहे की ज्याला जगात दुसरा जोड मिळणार नाही. वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरीला कोळी आणि ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, लोक ‘मोत माऊली’ म्हणतात. त्यातले ‘मोत’ हे टेकडीच्या पोर्तुगीज नावाचे, ‘मोंते’चे, झिजलेले रूप आहे आणि ‘माऊली’ अस्सल आपली, आळंदी-पंढरपूरची. 8 सप्टेंबर हा मारियाचा जन्मदिवस. त्याच्या लगतच्या रविवारी तिथली जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. पायऱ्यांच्या कडेच्या दुकानांत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची तान्ही बाळे आणि अलीकडे मेणाची घरेही मांडलेली असतात. ज्याचे जे दुखत असेल किंवा ज्याला जे हवे असेल, ते विकत घेऊन वाहायचे. तिथे रांगेत उभ्या असलेल्या बायका देवीला मेरी म्हणत नाहीत, मारियाही म्हणत नाहीत. त्या ‘माऊली’ म्हणतात. देवाला घरातल्या नावाने हाक मारण्याची ही सवय सगळ्या भाषांना नसते, हे मला बरेच उशिरा कळले.

आयर्लंडमध्ये नेमके याच्या उलट घडले. आयरिश भाषेत येशूच्या आईचे नाव ‘मुइरे’, आणि ते तिच्यासाठीच राखलेले. मुलीला ते नाव ठेवणे पूर्वी अनादर समजला जाई. नंतर मुलींना हे नाव मिळू लागले तेव्हा त्यांच्यासाठी ‘माइरे’ हे वेगळे रूप वापरात आले, आणि त्याचे लाडके रूप ‘माइरीन’ इंग्रजीत जाऊन ‘मॉरीन’ बनले. जुन्या काळी आयरिश लोक फार तर ‘मुइरेचा दास’ अशा अर्थाचे नाव मुलाला ठेवत. इथिओपियातही ‘गेब्रे मरियम’, म्हणजे मरियमचा सेवक, अशी पुरुषांची नावे आहेत. नाव घ्यायचे, पण तिच्या पायाशी बसून घ्यायचे. पोलंडमध्येही देवमातेसाठी ‘मारिया’चे एक वेगळे जुने रूप राखलेले होते आणि मुलींना मारियाऐवजी मारियाना असे नाव देत. राजा चौथा व्वादिस्वाव याने 1645-46 मध्ये मारी लुईझ या फ्रेंच राजकन्येशी लग्न केले, तेव्हा पोलिश लोकांना ‘राणी मारिया’ ही कल्पनाच सहन होण्यासारखी नव्हती. म्हणून तिच्या नावाचा क्रम उलटला गेला आणि ती लुद्विका मारिया झाली. राणीलासुद्धा स्वतःचे पहिले नाव मागे सारावे लागले, इतकी त्या नावाची धास्ती होती.

आपल्याकडे असे सोवळे असते तर महाराष्ट्रातल्या निम्म्या बायकांना नावच उरले नसते. पार्वतीची पारू, सरस्वतीची सरू, यमुनेची यमू, गंगेची गंगू, लक्ष्मीची लक्षी आणि राधेची राधी आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. इतकेच नव्हे, तर पंढरपुरात खुद्द रुक्मिणीची रखुमाई झाली आणि विठ्ठलाचा विठू झाला. एका देवतेचे नाव लेकीला ठेवायचे, मग ते इतके घासायचे की त्यात देवता उरू नये, आणि त्याच वेळी देवतेलाही घरातल्यासारखेच नाव द्यायचे, हा आपला खाक्या आहे.

या घासण्याचेही नियम असतात, आणि ते आपल्या पूर्वजांनी नोंदवून ठेवले आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात, तिसऱ्या पादात, अनुकंपा दाखवताना माणसाच्या नावाचे काय होते, यासाठी सूत्रांची एक लहानशी मालिकाच दिली आहे. मोठ्या नावातला दुसऱ्या स्वरानंतरचा भाग गळून पडतो आणि उरलेल्या तुकड्याला प्रत्यय लागतो, म्हणून देवदत्ताचा देविक, देविय किंवा देविल होतो. अडीच हजार वर्षांच्या आसपास जुने असलेले हे निरीक्षण आजच्या मुंबईलाही चालते. मराठी थोडी अधिक घाईत असते. ती बहुधा पहिल्याच व्यंजनजोडीपाशी नाव तोडते आणि त्याला ऊ किंवा ई लावते. मेरूचा ऊ, मरूचा ऊ आणि पारूचा ऊ एकाच टाकसाळीतला आहे. वसईच्या भावांनी तो कोठून शिकला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजीने कोठून, याची चौकशी करण्याची गरज नाही. दोघेही मराठी मुलखातलेच होते.

या ऊ आणि ईमध्ये मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘पारू’ आई म्हणते, आत्या म्हणते, फार तर नवरा एकांतात म्हणतो. ‘पारी’ मैत्रीण म्हणते, आणि नळावरच्या भांडणात शेजारीणही म्हणते. शब्द तोच, पण एकीच्या तोंडी सलगी आणि दुसरीच्या तोंडी तुच्छता. मग ‘पारे’ अशी हाक येते तेव्हा घरातल्या मुलीला ऐकताक्षणी कळते की दूध उतू गेले आहे. या खेळात आपल्या तोडीस तोड कोणी असेल तर ते रशियन. त्यांच्याकडे मारियाची माशा होते, माशाची लाडाने माशेंका होते आणि रागाने किंवा बरोबरीच्या सलगीने माश्का होते. शिवाय मारूस्या, मान्या आणि मूस्या आहेतच. परक्या माणसाने मात्र तिला वडिलांचे नाव जोडून ‘मारिया इवानोव्हना’ असे म्हणायचे. माशेंका म्हणण्याचा हक्क मिळवावा लागतो, आणि माश्का म्हणायला तर त्याहून जवळचे किंवा त्याहून उद्धट असावे लागते. आपल्या पारू, पारी आणि पार्वतीबाई यांना हे सगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एका रशियन मारियाला तर मुंबईत रोज सकाळी चहात बुडवले जाते. झार दुसरा अलेक्झांडर याची मुलगी मारिया हिचे लग्न 1874 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या मुलाशी झाले. त्या निमित्ताने लंडनच्या पीक फ्रीन या कंपनीने एक गोल, पातळ, फारसे गोड नसलेले बिस्किट काढले आणि त्यावर तिच्या नावाचे फ्रेंच रूप उठवले, ‘मारी’. पुढे ते बिस्किट देशोदेशीच्या कारखान्यांनी उचलले. आज मधुमेह झालेल्या सासऱ्यांपासून दात येणाऱ्या नातवापर्यंत सगळ्यांच्या बशीत पडणाऱ्या मारी बिस्किटाच्या कडेला ते नाव आणि नक्षी अजूनही दाबलेली असते. म्हणजे हिब्रू मिर्याम ग्रीक आणि लॅटिन अंगण ओलांडून रशियात गेली, फ्रेंच वेष घालून लंडनच्या भट्टीतून निघाली आणि चाळीतल्या कपात येऊन विरघळली.

गेटवे ऑफ इंडियावरच्या लेखातही हे नाव कोरलेले आहे. पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 रोजी अपोलो बंदरावर उतरले, त्याची ती आठवण. या राणीचे पाळण्यातले नाव व्हिक्टोरिया मेरी आणि त्यापुढे आणखी सहा नावे, पण जन्म मे महिन्यातला म्हणून घरी सगळे तिला ‘मे’ म्हणत. नवरा 1910 मध्ये गादीवर आला तेव्हा दुहेरी नाव चालणार नाही असे ठरले. दुसरी राणी व्हिक्टोरिया होणे कोणालाच नको होते, म्हणून वयाची चाळिशी उलटल्यावर ती राणी मेरी झाली. ती ज्या 1867 साली जन्मली, त्याच साली वॉर्सामध्ये मारिया स्क्वोदोव्स्का जन्मली. तोपर्यंत पोलंडमधले जुने सोवळे सुटलेले होते. तिला घरचे लोक मान्या म्हणत आणि फारच लाड आला की मान्यूशा. ही मान्या 1891 मध्ये पॅरिसला शिकायला गेली, तेव्हा तिने विद्यापीठात आपले नाव फ्रेंच रूपात ‘मारी’ असे नोंदवले, आणि लग्नानंतर मारी क्युरी म्हणून तिला जग ओळखू लागले.

इंग्रजांची मेरीची लाडकी रूपे वरवर पाहता कळत नाहीत. मेरीची मॉली आणि मॉलीची पॉली, हे कसे? बोबड्या बोलात र चा ल होतो, हे लहान मुलांच्या घरात वेगळे सांगायला नको; आपली पोरे रामाला ‘लाम’ म्हणतातच. साराची सॅली, डोरोथीची डॉली आणि मेरीची मॉली त्याच बोबडेपणातून झाल्या. मग यमक जुळवण्याच्या नादात म चा प होतो. मार्गारेटची मेग आणि मेगची पेग, तशी मॉलीची पॉली. मारिया आणि पॉली या दोन नावांत आज एकही व्यंजन सामाईक उरलेले नाही.

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत त्याहून मौजेचा प्रकार आहे. तिथे हाक मारताना नावाचे पहिले व्यंजन मऊ होते, त्यामुळे ‘मारी’ला हाक मारली की ती ‘वारी’ अशी ऐकू येते. ही संबोधनाची विभक्ती इतकी गोड वाटली की लोकांनी मुलींना सरळ तेच नाव ठेवले. म्हणजे आपल्याकडे एखादीचे जन्मदाखल्यावरचे नावच ‘मंगे’ किंवा ‘ताये’ असावे, असा हा प्रकार आहे.

स्पेनने आणि पोर्तुगालने थोरपणाची अडचण वेगळ्याच युक्तीने सोडवली. नाव तर सगळ्या मुलींना मारियाच ठेवायचे, पण तिच्यापुढे देवमातेचे एखादे बिरुद जोडायचे आणि रोजच्या वापरात ते बिरुदच चालवायचे. दुःखांची मारिया ती डोलोरेस, आणि डोलोरेसची घरात झाली लोला. निष्कलंक गर्भधारणेची ती कोन्सेप्सियोन, तिची कोन्चा आणि कोन्चिता. जपमाळेची ती रोसारिओ, तिची चारो. सांत्वनाची ती कोन्सुएलो, तिची चेलो. मारिया इसाबेलची मारिबेल होते आणि मारिया तेरेसाची माइते. पुरुषही मागे नाहीत. होसे मारिया हा बाप्या आणि मारिया होसे ही बाई, म्हणजे कोण कोणाच्या आधी आहे एवढ्यावरच सगळे ठरते. कृपेची मारिया ती मर्सेदेस. एमिल येलिनेक नावाच्या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याने आपल्या मुलीचे हे नाव डाइमलर कंपनीच्या मोटारींना मिळवून दिले आणि 1902 मध्ये ते कंपनीच्या नावे नोंदले गेले. पेडर रोडच्या कोंडीत आपल्यापुढे उभी असलेली काळी मर्सिडीज ही त्या अर्थाने मारियाच आहे, आणि तिलाही सिग्नल सुटेपर्यंत थांबावे लागते.

हीच पोर्तुगीज पद्धत गोव्यातून आणि वसईतून मुंबईत आली. भायखळ्याचे ग्लोरिया चर्च म्हणजे वैभवाच्या मातेचे चर्च, आणि आमच्या वर्गातली ग्लोरिया त्या वैभवाचीच. मिलाग्रिना चमत्कारांची, लुर्डिना फ्रान्सच्या लूर्दची. सगळ्यांत चमत्कारिक फेरा आहे फातिमाचा. पोर्तुगालमधल्या फातिमा या गावात 1917 मध्ये मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांना देवमातेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून कॅथलिक मुलींना फातिमा हे नाव ठेवू लागले. पण त्या गावाला ते नाव मिळाले ते अरबी अमलाच्या काळातल्या वारशातून, आणि मूळ नाव अर्थातच पैगंबरांच्या मुलीचे. आमच्या शाळेत एकाच तुकडीत एक कॅथलिक फातिमा होती आणि एक मुसलमान फातिमा. हजेरी घेताना बाई आडनाव घेऊन दोघींना वेगळे करत, पण मधल्या सुट्टीत दोघीही ‘फातू’च असत.

फ्रेंचांबद्दल एवढेच सांगते की मारीची त्यांनी मारियों केली आणि तिचेही लहान रूप करून दोरीवर नाचवल्या जाणाऱ्या कठपुतळीला ते दिले. मॅरिओनेट म्हणजे शब्दशः चिमुकली मारियों. फिनलंडची माइया, हंगेरीची मारिश्का, वेल्सची माइर, बास्कांची मिरेन, हवाईची मालिया आणि माओरींची मेरे यांना एका ओळीत बसवल्याबद्दल त्या त्या भाषांची माफी मागते. आपल्या मीरेला मात्र या रांगेत उभे करू नये. मेडत्याच्या मीराबाईचे नाव मिर्यामपासून आलेले नाही, कितीही लोकांनी आंतरजालावर तसे लिहिले तरी.

कागदपत्रांचे जग या लहान रूपांना ओळखत नाही, आणि मोठ्या रूपांतही त्याला एकच हवे असते. मेरीबाय थकल्यावर त्यांच्या पेन्शनच्या कामासाठी त्यांच्या नातवाने आणि मी त्यांची कागदपत्रे जेवणाच्या टेबलावर पसरून लावली होती. चर्चच्या जुन्या नोंदवहीतून काढलेल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर लॅटिन रिवाजाप्रमाणे ‘मारिया’ होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘मेरी’. शिधापत्रिकेवर मराठीत ‘मेरी’ पण इंग्रजीत एम, ई, दोन आर आणि वाय, म्हणजे नाताळच्या शुभेच्छांतले ‘आनंदी’. आधार कार्डावर ‘मॅरी’, आणि बँकेच्या पासबुकावर लग्नाआधीच्या आडनावासह पुन्हा ‘मारिया’. खिडकीपलीकडच्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारले की या चौघींपैकी निवृत्त झालेली नेमकी कोण? पुढे नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात आणि राजपत्रात नोंद, असा सगळा सोपस्कार झाला. त्या प्रतिज्ञापत्राची भाषा मला मोठी उदार वाटली, कारण मारिया, मेरी, मॅरी आणि ती नाताळवाली मेरी या सर्व एकच व्यक्ती आहेत, असे त्यात शपथेवर लिहिले होते. सही करताना मेरीबायने विचारले, ‘त्यात मेरू घातलंस काय?’ ते घालता येत नाही, असे तिला सांगितल्यावर तिचे म्हणणे असे पडले की मग तो कागद अपुराच आहे, कारण ज्या नावाने तिला सर्वांत जास्त वेळा हाका मारल्या गेल्या तेच त्यात नाही.

आता काळ उलटा फिरला आहे. ज्या रूपांना पूर्वी उंबऱ्याबाहेर जाण्याची परवानगी नव्हती, तीच थेट जन्मदाखल्यावर चढतात. मिया हे जर्मन आणि स्कँडिनेव्हियन घरांत मारियाचे लाडाचे रूप होते, आज ते जगभर स्वतंत्र नाव म्हणून ठेवले जाते. लोला, मॉली आणि माशा यांचेही तसेच झाले आहे. आपल्याकडेही सरस्वती ठेवून सरू म्हणण्याऐवजी जुई, ओवी, परी अशी मुळातच दोन अक्षरांची नावे ठेवण्याकडे आईबापांचा कल असतो. नाव लांब नको, शाळेत कोणी मोडतोड करायला नको, असे त्यांचे म्हणणे. मेरीबायच्या नातवानेही आपल्या मुलीचे नाव मिया ठेवले, ते याच विचाराने. त्यातून आणखी काय कापणार?

कापण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून घरच्यांनी शेवटी त्यात भर घातली. गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा ती सोफ्याखाली लपून बसली होती, आणि तिची आजी वाकून तिला ‘मियू, ए मियुडे’ अशा हाका मारत होती.